लुकलुकणाऱ्या मॉनिटरचा दोष कसा शोधावा

संगणकाचा मॉनिटर लुकलुकू लागला की घरात आणि कचेरीत निदान लगेच होते: मॉनिटर गेला, नाहीतर विजेचा दाब कमी-जास्त होतो आहे. पुष्कळदा ही दोन्ही निदाने चुकतात. भिंतीतल्या सॉकेटपासून डोळ्यापर्यंतच्या वाटेवर पॉवर कॉर्ड, मॉनिटरचा वीजपुरवठा, ग्राफिक्स चिप, तिचा ड्रायव्हर, केबल, केबलच्या दोन टोकांच्या पिना, मॉनिटरचा बोर्ड, पॅनेल आणि त्यामागचा दिवा असे अनेक टप्पे येतात. यांतला कोणताही एक बिघडला तरी पडद्यावर दिसणारी फडफड बरीचशी सारखीच असते. म्हणून नुसत्या पडद्याकडे पाहून तर्क करण्यापेक्षा ही वाट मध्येच तोडावी आणि दोष अलीकडे आहे की पलीकडे, हे आधी ठरवावे. त्यासाठी हत्यार लागत नाही, पैसे लागत नाहीत आणि वेळही फार जात नाही.

सुरुवातीला लुकलुकण्याची जात ओळखून घ्यावी. संपूर्ण पडदा सेकंद-दोन सेकंद काळा होऊन चित्र परत येत असेल तर पहिला संशय केबलवर जातो. चित्र जागेवर राहून फक्त उजेड थरथरत असेल तर पॅनेलमागच्या दिव्यावर किंवा वीजपुरवठ्यावर. रेघा, रंगीत ठिपके किंवा चौकोन उमटत असतील तर केबलबरोबर ग्राफिक्स कार्डही संशयात येते, आणि एखादीच खिडकी किंवा ब्राउझरमधला व्हिडिओ तेवढा थडथडत असेल तर दोष बहुधा सॉफ्टवेअरचा. फडफड कधी होते याचीही नोंद ठेवावी. चालू केल्यावर पहिली काही मिनिटे होते आणि मग थांबते, की उलट तासाभराने यंत्र तापल्यावर सुरू होते? टेबलाला धक्का लागला की होते? खोलीतली ट्यूबलाइट बंद केली तरी होते का, हेही पाहावे. जुन्या चोकची ट्यूब किंवा स्वस्त एलईडी बल्ब स्वतःच लुकलुकत असतो आणि दोष मॉनिटरच्या माथी येतो.

सर्वांत मोलाची चाचणी मॉनिटरच्या स्वतःच्या बटणांपाशी आहे. ब्राइटनेस किंवा कॉन्ट्रास्ट बदलण्यासाठी पडद्यावर येणारा मेनू संगणक पाठवत नाही. तो मॉनिटरचा बोर्ड स्वतः काढतो. मागचे चित्र फडफडत असताना हा मेनू स्थिर राहिला, तर दिवा, पॅनेल आणि वीजपुरवठा बहुतेक ठीक आहेत. शोध केबल आणि संगणकाकडे वळवावा. मेनूही चित्राबरोबर थरथरला, तर दोष मॉनिटरमध्ये किंवा त्याला मिळणाऱ्या विजेत आहे. एक अपवाद लक्षात ठेवावा: सिग्नल पूर्ण तुटून पडदा काळा होतो तेव्हा मॉनिटर चित्राची जुळणी नव्याने करू लागतो आणि मेनूही त्याच्याबरोबर नाहीसा होतो. अशा वेळी चित्राची केबल काढून घ्यावी आणि मॉनिटर तसाच चालू ठेवावा. ‘नो सिग्नल’चा संदेश काही सेकंदच टिकतो, पण तेवढ्यात तो स्थिर आहे की नाही हे दिसते. डेलसारख्या काही कंपन्यांचे मॉनिटर केबल काढल्यावर स्वतःची तपासणी करून पडद्यावर चौकट दाखवतात.

या निकालाला दुजोरा देणारी दुसरी चाचणी अदलाबदलीची. घरात सेट-टॉप बॉक्स असेल तर त्याची एचडीएमआय केबल मॉनिटरला लावून पाहावी; सीपीयू घरातल्या टीव्हीला जोडून पाहावा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम इथे कसोशीने पाळावा लागतो. केबल, पोर्ट आणि ड्रायव्हर एकदम बदलले आणि फडफड थांबली, तर ती कशाने थांबली हे कळत नाही, आणि महिन्याभराने ती परत आली तर शोध पुन्हा पहिल्यापासून.

दोष मॉनिटरच्या बाहेर निघाला तर पहिला हात केबललाच लावावा. १९८७ साली आयबीएमने पीएस/२ संगणकांबरोबर आणलेली १५ पिनांची व्हीजीए जोडणी आजही अनेक शाळांत, दुकानांत आणि सरकारी कचेऱ्यांत दिसते. तिच्यातून प्रत्येक रंगाची तीव्रता कमी-जास्त व्होल्टेजच्या रूपात जाते, त्यामुळे वाटेत मिसळलेला प्रत्येक अडथळा चित्रात उमटतो. निळ्या रंगाची पिन नीट टेकली नाही की पडदा पिवळा पडतो. दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळलेले नसतील तर टेबल हलले तरी चित्र थरथरते. पडद्यावरून एक फिकट आडवा पट्टा संथपणे वर किंवा खाली सरकत असेल, तर सीपीयू आणि मॉनिटर वेगवेगळ्या जागी जोडलेले असून त्यांच्या अर्थिंगमध्ये फरक असण्याची शक्यता मोठी. दोन्ही एकाच बोर्डावर घेतले की हा पट्टा बहुधा जातो.

एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट यांचा स्वभाव निराळा. त्यांच्यातून आकडे जातात, आणि आकडे थोडेफार बिघडले तरी चित्र अखंड दिसते. बिघाड वाढला की आधी पडद्यावर चमचमणारे ठिपके येतात आणि मग अचानक सगळे काळे होते. म्हणून ‘हीच केबल इतकी वर्षे चालत होती’ हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही. १९२० बाय १०८० ठिपक्यांचे चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायला एचडीएमआयमधून सेकंदाला सुमारे ४.४६ गिगाबिट माहिती जावी लागते. फोर-के मॉनिटरला तितक्याच वेगाने चित्र पुरवायचे तर हा आकडा चौपट, म्हणजे १७.८२ गिगाबिट होतो. जुन्या मॉनिटरवर निमूट चाललेली केबल नवा मोठा मॉनिटर आणताच दर काही मिनिटांनी पडदा काळा करू लागते, त्यामागे हे गणित आहे. पडताळा सोपा आहे: सेटिंगमध्ये जाऊन वेग ६० वरून ३० हर्ट्झवर आणावा. काळे होणे थांबले तर केबल अपुरी पडते आहे असे समजावे. नवी घेताना ‘प्रीमियम हाय स्पीड’ असे प्रमाणित लेबल असलेली केबल १८ गिगाबिटपर्यंतच्या आणि ‘अल्ट्रा हाय स्पीड’ लेबलाची ४८ गिगाबिटपर्यंतच्या कामासाठी असते. लांबी गरजेपुरतीच घ्यावी. दोन मीटरने भागत असेल तिथे दहा मीटरची केबल गुंडाळून ठेवणे म्हणजे दोषाला जागा करून देणे आहे.

नव्या सीपीयूला जुना व्हीजीए मॉनिटर जोडण्यासाठी जो छोटा कन्व्हर्टर वापरतात, तो या सगळ्यांत विशेष संशयास्पद असतो. एचडीएमआय पोर्टमधून त्याला ५ व्होल्टची वीज मिळते, पण मानकानुसार हमी फक्त ५५ मिलिअँपिअरची आहे. कन्व्हर्टरला याहून जास्त लागली आणि पोर्टने ती दिली नाही की चित्र येते-जाते. ज्याला बाहेरून यूएसबीची वीज देता येते असा कन्व्हर्टर घेतला तर हा प्रश्न सुटतो. कोकणकिनाऱ्यावर आणि गोव्यात खारी हवा आणि पावसाळ्यातला दमटपणा पिनांवर गंज चढवतो. यंत्र बंद करून केबल चार-पाच वेळा काढून पुन्हा बसवली तरी पातळ थर घासला जातो. त्याने भागले नाही तर कॉन्टॅक्ट क्लीनर फवारावा. पॉलिश पेपर मात्र वापरू नये, कारण त्याने पिनांवरचा सोन्याचा पातळ मुलामाच निघून जातो.

खुर्चीवरून उठताक्षणी मॉनिटर सेकंदभर काळा होतो, अशी तक्रार कोणी केली तर तिला हसू नये. गॅस लिफ्टच्या खुर्चीवरून उठता-बसताना स्थिर विजेची ठिणगी पडू शकते, आणि तिच्यातून निघणाऱ्या रेडिओ लहरी जवळच्या केबलने पकडल्या की सिग्नल क्षणभर तुटतो. डिस्प्लेलिंक या कंपनीने आपल्या ग्राहकांसाठीच्या तांत्रिक माहितीत हे कारण नोंदवले आहे. चांगले आवरण असलेली केबल, तिच्यावर फेराइटचे कडे आणि नीट अर्थिंग हे यावरचे उपाय.

आता विजेकडे. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची असते. आजच्या बहुतेक मॉनिटरचा वीजपुरवठा १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही चालवून घेतो. त्यामुळे फ्रिज सुरू होताना बल्ब मंद झाला तरी मॉनिटरला त्याची जाणीव होऊ नये. मिक्सर किंवा पंखा सुरू करताच मॉनिटर झपकत असेल तर दोष व्होल्टेजपेक्षा सैल सॉकेटमध्ये, ठिणगी पडणाऱ्या बटणात किंवा नसलेल्या अर्थिंगमध्ये शोधावा. एकाला दुसरा जोडलेले एक्स्टेन्शन बोर्ड काढून मॉनिटर थेट भिंतीच्या सॉकेटला लावून पाहावा. पॉवर कॉर्ड मॉनिटरच्या मागे पूर्ण आत बसली आहे का, हेही हाताने दाबूनच पाहावे. ज्या मॉनिटरला बाहेरचा अडॅप्टर असतो, तिथे तो अडॅप्टर म्हातारा होणे हे फडफडीचे नेहमीचे कारण आहे. बदली घेताना व्होल्ट आणि पिनची दिशा तंतोतंत तीच हवी, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात.

केबल आणि वीज निर्दोष ठरली तर संगणकाच्या आत पाहावे लागते. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टने सुचवलेली एक चाचणी फार नेमकी आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. बाकी पडद्याबरोबर टास्क मॅनेजरही लुकलुकत असेल तर दोष डिस्प्ले ड्रायव्हरचा. तो स्थिर राहून बाकीचे लुकलुकत असेल तर एखादे अ‍ॅप गडबड करते आहे. ड्रायव्हरचा संशय असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘रोल बॅक ड्रायव्हर’ निवडावे, विशेषतः फडफड एखाद्या अपडेटनंतर सुरू झाली असेल तर. ते बटण दाबता येत नसेल तर ड्रायव्हर काढून टाकून लॅपटॉपच्या किंवा ग्राफिक्स चिपच्या कंपनीच्या स्थळावरून ताजा घ्यावा. सेफ मोडमध्ये विंडोज स्वतःचा अगदी साधा ड्रायव्हर वापरते, म्हणून तिथे फडफड थांबली तर यंत्राचे भाग शाबूत असल्याचा तो चांगला पुरावा ठरतो. फक्त ब्राउझर थडथडत असेल तर त्याच्या सेटिंगमधले ‘हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन’ बंद करून पाहावे. संरक्षित सिनेमा सुरू होताना पडदा एकदाच क्षणभर काळा होणे हा मात्र दोष नाही. नक्कल रोखणारी यंत्रणा त्या वेळी मॉनिटरची ओळख पटवत असते.

पडद्याचा वेग वाढवा, फडफड जाईल, हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. तो काचेच्या जाड नळीच्या मॉनिटरच्या काळातला आहे. त्या नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर फिरे आणि प्रत्येक ठिपका उजळून लगेच विझू लागे. सेकंदाला ६० फेऱ्यांत ते विझणे डोळ्याच्या कडेला जाणवे, ८५ फेऱ्यांत बहुतेकांना जाणवत नसे. एलसीडीचा ठिपका पुढचा हुकूम येईपर्यंत आपला रंग धरून ठेवतो, आणि त्यामागचा दिवा स्वतंत्रपणे जळत असतो. म्हणून चांगल्या एलसीडीवर ६० हर्ट्झलाही फडफड दिसत नाही. सेटिंगमधला वेग तपासावा तो एवढ्यासाठीच, की मॉनिटरला न झेपणारा वेग चुकून निवडला गेलेला नसावा.

उलट काही आधुनिक सोयीच फडफड घडवतात. खेळाच्या गतीनुसार पडद्याचा वेग सतत बदलणारी तंत्रे, म्हणजे जी-सिंक आणि फ्रीसिंक, अंधाऱ्या दृश्यांत उजेड खालीवर करतात. व्हीए प्रकारच्या आणि ओलेड पॅनेलवर हे जास्त दिसते. मॉनिटरच्या मेनूतून ती सोय बंद केली की लगेच उलगडा होतो. पांढऱ्या पानावरून काळ्या पानावर जाताना उजेड सावकाश बदलत असेल तर मेनूतला डायनॅमिक कॉन्ट्रास्ट किंवा लॅपटॉपमधली वीज वाचवणारी सेटिंग कारणीभूत असते. लॅपटॉपच्या पडद्यावर चित्र स्थिर असताना ग्राफिक्स चिप चित्र पाठवणेच थांबवते आणि पॅनेल स्वतःच्या स्मृतीतून ते दाखवत राहते. या ‘पॅनेल सेल्फ रिफ्रेश’मधून बाहेर येताना काही यंत्रांवर झपका दिसतो, आणि इंटेलच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ही सोय बंद करता येते.

लॅपटॉपचा मोठा शत्रू त्याची बिजागरी. पडद्याकडे जाणारी पातळ केबल बिजागरीतून वळून जाते आणि रोजच्या उघडझापीने तिच्या तारा झिजतात. पडदा पुढे-मागे करताना विशिष्ट कोनातच चित्र फडफडत असेल तर दुसऱ्या तपासणीची गरज नाही. खात्रीसाठी बाहेरचा मॉनिटर जोडावा. तो स्थिर असेल तर ग्राफिक्स चिप ठीक आहे आणि केबल किंवा पॅनेलवरच बोट ठेवता येते. केबल स्वस्त असते, पॅनेल महाग. पॅनेल बदलायला सांगणाऱ्या दुकानदाराला आधी केबल पाहायला सांगणे ग्राहकाचा हक्क आहे.

दोष खुद्द मॉनिटरच्या आत असेल तर जुन्या यंत्रांत तो बहुतेक वेळा वीजपुरवठ्याच्या कपॅसिटरचा असतो. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमधला द्रव उष्णतेने हळूहळू सुकतो. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. २००० च्या सुमारास सदोष कपॅसिटर जगभर विकले गेले आणि त्या पिढीतले असंख्य मॉनिटर आणि मदरबोर्ड त्यांनी निकामी केले. चालू करताच मॉनिटर काही वेळ लुकलुकतो, तापल्यावर स्थिरावतो, आणि दिवसागणिक हा वेळ वाढत जातो, ही त्याची ओळख. आत कपॅसिटरचा माथा फुगलेला किंवा तपकिरी द्रव पाझरलेला दिसतो. बदलीचा कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा आणि १०५ अंशांचा घ्यावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत असे सुटे भाग मिळतात आणि जाणकार मेकॅनिकला हे काम अवघड नाही. पण घरी मॉनिटर उघडण्याचा मोह टाळावा. २३० व्होल्टपासून बनलेले सुमारे ३२५ व्होल्ट आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही काळ साठून राहतात, आणि ते जीवघेणे ठरू शकतात. नळीच्या जुन्या मॉनिटरमध्ये तर हा आकडा हजारोंत जातो.

चित्र दोन सेकंद येऊन पडदा काळा पडत असेल तर अंधाऱ्या खोलीत पडद्यावर टॉर्च तिरका धरावा. अंधुक चित्र दिसले तर पॅनेल जिवंत आहे आणि मागचा दिवा विझला आहे. एलईडीपूर्वीच्या मॉनिटरमध्ये या जागी पातळ फ्लुरोसंट नळ्या असत. त्या थकल्या की पडदा तांबूस होतो, लुकलुकतो, आणि एक नळी गेली तरी त्यांना वीज देणारा इन्व्हर्टर सुरक्षिततेसाठी सगळ्या नळ्या बंद करतो. या नळ्यांत पारा असल्यामुळे त्या कचऱ्यात टाकू नयेत, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्याव्यात.

एवढे सगळे ठीक असूनही कोणाचे डोळे चुरचुरत असतील, डोके दुखत असेल, तर न दिसणाऱ्या लुकलुकण्याचा विचार करावा. अनेक मॉनिटर उजेड कमी करण्यासाठी दिवा मंद करत नाहीत. तो सेकंदाला अनेकदा पूर्ण चालू-बंद करतात आणि बंद राहण्याचा वेळ वाढवतात. पल्स विड्थ मॉड्युलेशन नावाच्या या पद्धतीची गती पुष्कळ मॉनिटरमध्ये २०० ते २४० हर्ट्झच्या आसपास असते. ते जाणीवपूर्वक दिसत नाही, पण शरीराला ते अजिबात कळत नाही असे म्हणता येत नाही. १९८९ साली ब्रिटनमध्ये अर्नोल्ड विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी कचेरीतल्या कर्मचाऱ्यांवर केलेल्या अभ्यासात, सेकंदाला १०० वेळा लुकलुकणाऱ्या ट्यूबलाइटच्या जागी उच्च वारंवारितेच्या चोकच्या ट्यूब बसवल्यावर डोकेदुखी आणि डोळ्यांवरचा ताण निम्म्याहून कमी झाला. डोळ्याला उघड दिसणारे संथ लुकलुकणे तर आणखी गंभीर. प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्या माणसाला सेकंदाला काही वेळा ते तीसएक वेळा होणाऱ्या झपक्यांनी झटका येऊ शकतो. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये पोकेमॉन मालिकेच्या एका भागातले लाल-निळे झपके पाहून सुमारे ६८५ जणांना, बहुतांश मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले होते. अशी व्यक्ती घरात असेल तर फडफडणारा मॉनिटर दुरुस्त होईपर्यंत बंदच ठेवावा.

न दिसणारे लुकलुकणे पकडण्यासाठी एक पेन्सिल पुरते. खोलीत अंधार करावा, पडद्यावर पांढरे पान उघडावे, ब्राइटनेस २०-३० टक्क्यांवर आणावा आणि पडद्यासमोर पेन्सिल जोराने डावी-उजवीकडे हलवावी. सलग पुसट पट्टा दिसला तर दिवा अखंड जळतो आहे. एकामागे एक अशा सुट्या पेन्सिली दिसल्या तर तो चालू-बंद होतो आहे. फोनच्या कॅमेऱ्यात शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवून पडद्याचा फोटो घेतला तर तीच गोष्ट काळ्या पट्ट्यांच्या रूपात दिसते. दुकानात नवा मॉनिटर घेताना ही परीक्षा कमी उजेडावरच घ्यावी, कारण काही मॉनिटर पूर्ण उजेडात स्थिर असतात आणि ठरावीक पातळीच्या खाली गेल्यावरच चालू-बंद होऊ लागतात. ‘फ्लिकर-फ्री’ हा शब्द खोक्यावर असला तरी टीयूव्ही राइनलँडसारख्या संस्थेचे प्रमाणपत्र आहे का, ते पाहावे. घरातल्याच मॉनिटरवर वेळ काढायची असेल तर त्याचा ब्राइटनेस १०० टक्के ठेवावा आणि उजेड ग्राफिक्स ड्रायव्हरच्या सेटिंगमधून उतरवावा. काळ्या-पांढऱ्यातला फरक थोडा घटतो, पण दिवा बहुतेक मॉनिटरमध्ये अखंड जळत राहतो.